मूत्रपिंडाची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात डायलिसिसला येणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाचा आजार कधी सुरू झाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: मधुमेह किंवा रक्तदाब जडला तेव्हा. ते खरं आहे, पण अपुरं आहे. रक्त गाळणारे नेफ्रॉन एका मूत्रपिंडात सरासरी नऊ-दहा लाख असतात. कुणाकडे दोन-तीन लाखच, तर कुणाकडे वीस लाखांच्या घरात. गर्भाचे ३६ आठवडे भरेपर्यंत नेफ्रॉन घडण्याचं काम जवळपास आटोपतं, आणि त्या वेळी जी शिदोरी मिळाली तीच जन्मभर पुरवावी लागते. म्हणून मूत्रपिंडाच्या आरोग्याची सुरुवात आईच्या पोटात शोधली पाहिजे.

गर्भात मूत्रपिंडाच्या तीन पिढ्या होतात. पहिली चौथ्या आठवड्यात दिसते आणि विरते. दुसरी काही आठवडे टिकते. अठराव्या शतकात तिचं वर्णन करणाऱ्या कास्पार वोल्फचं नाव तिला आजही आहे. तिसरी, पाचव्या आठवड्यात कोंबासारखी फुटणारी, ती आपली. १९५०च्या दशकात क्लिफर्ड ग्रोब्स्टाइन यांनी उंदराच्या गर्भातला हा कोंब आणि भोवतालची ऊती वेगळी केली, तेव्हा दोन्हींची वाढ खुंटली. पुन्हा जवळ आणताच नलिका तयार होऊ लागल्या. म्हणजे दोघांत काहीतरी देवाणघेवाण होती. तिचा उलगडा १९९०च्या दशकात झाला. ऊती जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडते, कोंबाच्या टोकावरचं रेट हे प्रथिन ते ओळखतं, आणि कोंबाला फांद्या फुटतात. १९९६ साली जीडीएनएफ नसलेले उंदीर मूत्रपिंडाविनाच जन्मले. ही घडण डोळ्यांनीही पाहता येते. प्रतिपिंडाला चमकता रंग जोडून प्रथिनाची नेमकी जागा दाखवण्याची युक्ती अल्बर्ट कून्स यांनी १९४१ सालीच काढली होती. आज गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पातळ कापावर त्याच धर्तीची, पण चमकत्या रंगाऐवजी तपकिरी रंग देणारी प्रक्रिया केली, की डब्ल्यूटी-१ हे प्रथिन गाळणीच्या पेशींच्या केंद्रकांत गडद तपकिरी उमटतं आणि नवे नेफ्रॉन कडेच्या पट्ट्यात घडताना दिसतात.

हे सगळं जनुकंच ठरवतात, मग आहाराचा संबंध काय, असा आक्षेप येईल. पण रेट किती तयार होईल, हे अ जीवनसत्त्वावरही अवलंबून असतं. ते कमी पडलेल्या उंदरांच्या पिल्लांत नेफ्रॉन कमी भरले. हे प्राण्यांचं झालं, असं म्हणावं तर २००३ सालचा जर्मन अभ्यास आहे: अपघातात दगावलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत नेफ्रॉन इतरांच्या निम्म्याच्या आसपास होते. तो अभ्यास लहान होता. पोटात पोषण कमी पडून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची नेफ्रॉनची शिदोरीही सहसा कमी असते, पण अशा प्रत्येक बाळाला पुढे मूत्रपिंडविकार होतोच असंही नाही. तरीही शिदोरी कमी असली की मधुमेहाचा घाव लवकर वर्मी लागतो. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेणं मात्र गर्भाला घातक ठरू शकतं. पालेभाजी, शेवगा, दूध, अंडी हाच सुरक्षित मार्ग.

म्हणून मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईला पोटभर जेवण, विश्रांती आणि वेळेवर तपासणी मिळणं, हा मूत्रपिंडविकारावरचा पहिला उपचार मानला पाहिजे. आणि कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येकाने तिशीपासूनच रक्तदाब आणि लघवी नेमाने तपासून घ्यावी.