व्याघ्राक्ष
व्याघ्राक्ष किंवा टायगर्स आय हा क्वॉर्ट्‌झचा पिवळसर-तपकिरी, रेशमी चमकेचा प्रकार होय. क्रोसिडोलाइट या निळ्या ॲस्बेस्टसची जागा क्वॉर्ट्‌झने घेऊन तो बनतो, हे व्हिबेल यांचे १८७३ मधील मत शतकाहून अधिक काळ टिकले. भेग वारंवार उघडून तीत दोन्ही खनिजे एकत्रच वाढली, असे हीनी व फिशर यांनी २००३ मध्ये प्रतिपादिले. दक्षिण आफ्रिकेतून विपुल येऊ लागताच त्याचे मोल उतरले. घुमटाकार खड्याचा तळ तंतूंना समांतर हवा. अन्यथा प्रकाशाची रेघ माथ्यावरून ढळते, मग कोंदण कितीही सुबक असो! पुण्यात सदाशिव पेठेलगतच्या लक्ष्मी रस्त्यावरील सराफीत ज्याला लसण्या म्हणतात, तो क्रिसोबेरिल. दोहोंत साम्य रेघेपुरतेच. खडा पाणी सोडूनच घासावा : खंबायतच्या अकीक कारागिरांना सिलिकेच्या कोरड्या धुळीनेच सिलिकोसिस जडला.