फेडर : कानाला जुळलेले माप

नभोवाणीचा इतिहास लिहिताना उंच मनोरे, शक्तिमान प्रक्षेपक आणि कीर्तिमान कलावंत यांची नोंद आवर्जून होते. तंत्रज्ञाच्या बोटाखाली सरकणारी लहानशी कळ मात्र या इतिहासात उपेक्षितच राहिली आहे. तिला फेडर म्हणतात. कोणता आवाज श्रोत्यांपर्यंत जावा, किती जावा आणि केव्हा मंदावत थांबावा, याचा निर्णय अखेर या कळीवरच होतो.

या कळीच्या कथेचा एक धागा बंगळूर केंद्राच्या पूर्वपीठिकेशी जुळतो. 10 सप्टेंबर 1935 रोजी म्हैसूर येथे महाराजा कॉलेजातील डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी अवघ्या 30 वॉटच्या प्रक्षेपकावर खाजगी नभोवाणी सुरू केली. तिला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुढे तेच साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. 1950 साली हे केंद्र ऑल इंडिया रेडिओत सामील झाले आणि 2 नोव्हेंबर 1955 रोजी बंगळूरला आले. गोपालस्वामी अभियंते नव्हते. ते मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. हा योगायोग खरा, पण अर्थपूर्ण आहे. कारण फेडरची आखणी मुळात मानसशास्त्राच्याच एका नियमाला धरून झालेली आहे.

जर्मनीतील वेबर आणि फेक्नर या शास्त्रज्ञांच्या नावाने तो नियम ओळखला जातो. फेक्नरने तो 1860 साली ग्रंथरूपाने मांडला. बाहेरचे उद्दीपन पटीपटीने वाढावे, तेव्हा आतील संवेदना पायरीपायरीने वाढते. एका तंबोऱ्याच्या जोडीस दुसरा लागला की फरक तत्काळ जाणवतो. वीस तंबोऱ्यांत एकविसावा मिळाला तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. ध्वनीची शक्ती दसपट करावी, तेव्हा कोठे कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. दूरध्वनीच्या अभियंत्यांनी 1920 नंतरच्या दशकात डेसिबेल हे माप रूढ केले ते याच पटींच्या हिशेबाने, आणि फेडरवरील आकडेही त्याच मापाने लिहिले जाऊ लागले. विद्युद्दाब नुसत्या समप्रमाणात उतरविणारी कळ बसविली असती, तर तिच्या बऱ्याचशा प्रवासात आवाज फारसा उतरला नसता आणि शेवटच्या बोटभर अंतरात एकदम कोसळला असता.

आरंभी फेडर म्हणजे एक वाटोळी मूठ असे. ती फिरविली की आतील संपर्कबिंदूंवरून कळ पुढे सरके आणि दर बिंदूला निराळा रोध जोडला जाई. बिंदूंवर धूळ बसली की श्रोत्यांना खरखर ऐकू येई. शिवाय एका हाताला एकच मूठ नीट सांभाळता येई. गायक, तबला आणि सारंगी यांचा मेळ एकट्याने राखणे अवघड होई. न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या टॉम डाउड याने 1950 नंतरच्या दशकात सरळ रेषेत सरकणाऱ्या कळा वापरून एका हाताच्या बोटांखाली अनेक मार्ग आणले. पुढे हेच रूप सर्वत्र रुळले.

आजच्या अंकीय मेजावर कळेचे रूप तेच आहे, अंतरंग मात्र पालटले आहे. मायक्रोफोनमधून आलेल्या स्वराचे दर सेकंदाला बहुधा 48,000 नमुने मोजले जातात. फेडरमधून आता ध्वनी वाहतच नाही. आपण किती सरकलो, एवढीच वार्ता ती पुढे धाडते आणि गणकयंत्र त्यानुसार प्रत्येक नमुन्याला गुणते. कळ शून्य डेसिबेलवर असता गुणक एक; उणे 20 वर एक दशांश; उणे 60 वर एक सहस्रांश. जुनी खरखर गेली. परंतु एकच कळ घटकेत निवेदकाची, तर घटकेत तबल्याची होऊ लागली, आणि भलताच आवाज उघडण्याचा नवा धोका निर्माण झाला. म्हणूनच कळेपाशी मार्गाचे नाव उजळते, आणि फेडर उघडण्यापूर्वी तो मार्ग स्वतःपुरता ऐकून पाहण्याची जुनी सोय आजही कायम ठेवलेली असते.

म्हैसूरच्या 30 वॉटपासून बंगळूरजवळ 1994 मध्ये उभारलेल्या 500 किलोवॉटच्या प्रक्षेपकांपर्यंत नभोवाणीचे सामर्थ्य अफाट वाढले. जितके सामर्थ्य मोठे, तितकी त्या बोटभर हालचालीची जबाबदारीही मोठी. नियोजित वेळ संपत आली असून गायक अजून समेवर यावयाचा आहे. अशा क्षणी घड्याळाचा मान राखावा की रागाचा, हे गणकयंत्राला ठरविता येत नाही. गुणाकार ते अचूक करील. गुणक कोणता द्यावयाचा, हे मेजाशी बसलेल्या माणसाच्या कानाने आणि विवेकानेच ठरवावे लागते.