प्रारणाची मात्रा आणि काळ : एका वादाचा इतिहास

शरीरास पोचणारी प्रारणाची एकूण मात्रा तीच राहिली, परंतु ती एका क्षणात न मिळता कित्येक दिवसांत मिळाली, तर हानीही तेवढीच होईल काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या प्रश्नास दोन शास्त्रांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

पहिले उत्तर वैद्यकाचे. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रगो ह्यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर क्ष-किरणांचे प्रयोग केले. एकाच वेळी दिलेल्या मात्रेने मेंढा निर्बीज करावयाचा तर वरील त्वचेची गंभीर हानी टळत नसे. तीच क्रिया विभागून, दिवसांच्या अंतराने केली असता निर्बीजता साधे व त्वचाही बचावे. आंरी कूतार ह्यांनी हे तत्त्व स्वरयंत्राच्या कर्करोगावरील उपचारांत यशस्वीपणे योजिले.

दुसरे उत्तर आनुवंशिकीचे. क्ष-किरणांमुळे फळमाशीत उत्परिवर्तने घडतात, असे हर्मन मलर ह्यांनी १९२७ मध्ये दाखविले. पुढील प्रयोगांत त्यांची संख्या केवळ एकूण मात्रेवर अवलंबून आढळली; काळाचा प्रभाव दिसेना.

ह्या विरोधाचा उलगडा १९५८ मध्ये होऊ लागला. ओक रिज येथे विल्यम रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, उंदरांच्या शुक्रजनक पेशींना तीच मात्रा मंदगतीने दिल्यास उत्परिवर्तने पुष्कळ कमी होतात. परिपक्व शुक्रपेशींत मात्र असा फरक पडत नाही. फळमाशीवरील प्रयोग मुख्यतः परिपक्व शुक्रपेशींवरच झाले होते. १९५९ मध्ये मॉर्टिमर एल्काइंड व हॅरिएट सटन ह्यांनी हॅमस्टरच्या संवर्धित पेशींना मात्रा दोन भागांत, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून दिली. तेव्हा अधिक पेशी जगल्या. मधल्या काळात पेशी आपली हानी दुरुस्त करीत होती.

तात्पर्य, काळ स्वतः काही बरे करीत नाही. बरे करते ती पेशी, आणि काळ तिला केवळ अवसर देतो. ही दुरुस्ती निर्दोष असतेच असे नाही. अल्प व मंद प्रारणापासून संभवणारा कर्करोगाचा धोका आंतरराष्ट्रीय प्रारण-संरक्षण आयोगाने १९९० च्या शिफारशींत निम्मा धरला. परंतु फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग-कामगारांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सवलतीस आधार मिळाला नाही. म्हणून रुग्णास जो कालावधी उपकारक ठरला, तोच कामगारासही अभय देतो, असे अनुमान अभ्यासकाने घाईने काढू नये.