एका पिस्तुलाचे पाठवाचन

जुन्या पोथीचा काळ ठरवताना आपण पुष्पिकेतील शकावर एकदम विसंबत नाही. कागद, अक्षरवळण, शब्दरूपे यांची साक्ष आधी काढतो आणि मग शकाकडे वळतो. हीच शिस्त वस्तूंच्या इतिहासालाही लागू पडते, असे आम्हांस वाटते. त्यासाठी एक सर्वस्वी असाहित्यिक उदाहरण घेऊ : बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे एअर पिस्तूल.

असे एखादे पिस्तूल इंग्लंडमधल्या घरात सापडते, तेव्हा त्याच्यासोबत बहुधा एक गोष्टही सापडते : ‘आजोबांनी हे पहिल्या महायुद्धात खंदकात वापरले.’ सांगणाऱ्याचा हेतू फसवण्याचा नसतो. ब्रिटिश लष्कराने 1887 मध्ये वेब्लीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते, आणि 1915 मध्ये त्याचा सहावा ‘मार्क’ सैन्यात आला. त्यामुळे लोखंडावर ‘वेब्ली’ हे नाव वाचताच युद्ध आठवते आणि ती आठवण हातातल्या वस्तूला चिकटते.

आता नाव बाजूला ठेवून रचना वाचू. गोळ्यांचे फिरते चक्र येथे नाही. वर बारीक नळी आणि तिच्याखाली जाड नळकांडे आहे. नळीचे मागचे टोक मोकळे करून ती वर उचलली की ती पुढच्या बिजागरीवर फिरते आणि नळकांड्यातला दट्ट्या पुढे ओढून स्प्रिंग दाबते. चाप ओढताच दट्ट्या मागे झेपावतो, दाबलेली हवा मागच्या छिद्रातून वर चढते आणि नळीतला छरा बाहेर फेकते. हवेला अशी उलटी वाट दिल्यामुळे नळी जवळजवळ पिस्तुलाइतकी लांब ठेवता आली. येथे दारूचा संबंधच नाही. या रचनेचे पेटंट आणि ‘मार्क 1’ हे पहिले पिस्तूल, दोन्ही 1924 सालची. युद्ध 1918 मध्ये संपले होते. खंदकाची गोष्ट येथेच थांबते.

परंतु ‘1924 नंतरचे’ एवढ्याने काळ ठरत नाही. ‘ज्युनियर’ 1929 मध्ये आणि ‘सीनियर’ 1930 मध्ये आले. आरंभीच्या पिस्तुलांची मूठ जवळजवळ सरळ उभी होती, 1935 पासून ती मागे कलती झाली. पत्ताही बोलतो. ‘बर्मिंगहॅम आणि लंडन’ असा ठसा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पिस्तुलांवर, तर टपालविभागाच्या आकड्यासह ‘बर्मिंगहॅम 4’ असा ठसा त्यानंतरच्या पिस्तुलांवर आढळतो. या खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. मुठीच्या फळ्या फुटतात आणि नव्या बसवल्या जातात, म्हणून त्या प्रक्षिप्त असू शकतात. मुठीचा कल मात्र सांगाड्यातच ओतलेला असतो. कोणती खूण मागाहून घालता येते आणि कोणती येत नाही, हा विवेक पोथी तपासणाऱ्याला नवा नाही. शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांपुढेही हाच प्रश्न होता.

अभावाचा अर्थ लावतानाही सावध राहावे लागते. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस 1813 मध्ये स्थापन झाले. दारूने चालणाऱ्या बंदुकांच्या नळ्या तेथे तपासून त्यांच्यावर ठसे उमटवले जातात. एअर पिस्तुलाला ती तपासणी लागत नाही. तेव्हा तो ठसा नाही म्हणून वस्तू बनावट, असा निष्कर्ष काढणे चूक होईल.

मग रिव्हॉल्व्हरे घडवणारा कारखाना छऱ्यांकडे का वळला? युद्ध संपताच लष्कराची मागणी आटली. 1921 पासून सहाव्या मार्कचे उत्पादन एनफील्डच्या सरकारी कारखान्यात होऊ लागले. 1920 च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्यासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र आवश्यक केले. साधी हवेची शस्त्रे त्यातून वगळली. अशा स्थितीत घराच्या अंगणात निशाणबाजीसाठी वापरता येईल असे पिस्तूल बाजारात आले. त्याला दिलेले ‘मार्क 1’ हे नाव मात्र लष्करी परिभाषेतलेच राहिले. ज्या ध्वनीमुळे घरातली गोष्ट जन्मली, तो कारखान्यानेच नावात ठेवला होता.

म्हणजे ही वस्तू युद्धाची साक्षीदार नव्हे, युद्धानंतरच्या दिवसांची आहे. आजोबा खंदकात होते हे खरे असू शकते आणि हे पिस्तूल त्यांचेच होते हेही खरे असू शकते. घरच्या स्मृतीने दोन सत्ये एका वाक्यात जोडली, एवढेच. कालनिश्चितीने कुटुंबाची ठेव हिरावली जाते, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. आम्हांस तसे वाटत नाही. खंदकातून परतलेला माणूस काही वर्षांनी अंगणात पुठ्ठ्याचे लक्ष्य टांगून पोरांना नेम धरायला शिकवत असेल, ही शक्यता त्या जुन्या गोष्टीत नव्हती. ती ठशातल्या पत्त्याने आणि मुठीच्या कलाने दिली.