बाभळीची साल आणि कागलचें कातडें

कागल म्हटलें कीं घाटग्यांचें घराणें आठवतें. याच घराण्यांत २६ जून १८७४ रोजीं राजर्षि शाहू महाराज जन्मले. परंतु दूधगंगा-वेदगंगांच्या या मुलुखाचा एक इतिहास शेताच्या बांधावरील बाभळीनेंही लिहिला आहे.

बाभूळ ओळखणें अवघड नाहीं. साल काळपट व उभ्या भेगांनीं चिरलेली; कांटे पांढरे, सरळ, जोडीजोडीनें आलेले; फुलें पिवळीं व गोंड्यासारखीं गोल; शेंग राखी रंगाची आणि दोन बियांमध्यें आवळलेली, जणूं मण्यांची माळ. हिवराची साल फिकट असते, तर खैराचे कांटे आंखूड व वांकडे. जाणता ढोर कारागीर साल पाहूनच झाड सांगे.

कातडें प्रथम चुन्याच्या पाण्यांत मुरवीत, मग केंस व मांस खरवडून काढीत. नंतर तें सालीच्या पाण्यांत बुडवीत. शेवटीं कातडें शिवून त्याची पिशवी करीत, तींत बाभळीची साल व सह्याद्रीच्या रानांतील हिरडा भरीत, आणि ती टांगून झिरपलेलें पाणी पुनः पुनः आंत ओतीत. सालींतील टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतें. मग कातडें कुजत नाहीं. याच कातड्याच्या कोल्हापुरी वहाणा झाल्या. कागल तालुक्यांतील कापशी गांवाचें नांव तर वहाणेच्या एका घाटालाच लाभलें.

परंतु ज्या हातांनीं सर्वांच्या पायांचें रक्षण केलें, त्यांचाच स्पर्श समाजास निषिद्ध होता. पायताण घरांत येई, तें करणारा उंबऱ्याबाहेर राही. या अन्यायाविरुद्ध मार्च १९२० मध्यें कागल जहागिरींतील माणगांवीं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉक्टर आंबेडकर अध्यक्ष होते, आणि शाहू महाराज स्वतः तेथें उपस्थित राहिले. छत्रपतींनीं त्या मंडपांत येणें हीच त्या काळीं मोठी घटना होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत क्रोमची रीत निघाली व आठवड्यांचें काम दिवसावर आलें. तिच्यापुढें सालीची रीत मागें पडत गेली. २०१९ मध्यें कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांत महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे आले. नांवाला कायद्याचें संरक्षण लाभलें. साल पारखणाऱ्या हातांस योग्य मोल व मान मिळाला, तरच तें नांव सार्थ होईल.