फाइल एक्सप्लोरर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' का होत नाही?

लॅपटॉप मेला की बोरिवली-घाटकोपरच्या दुकानात हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून देतात. घरी जोडली, युजर्समधलं जुन्या नावाचं फोल्डर उघडलं, की विंडोज म्हणतं: परवानगी नाही. खाली 'कंटिन्यू'चं बटण. बहुतेक जण ते दाबून मोकळे होतात.

जरा थांबा. त्या चौकटीतच लिहिलेलं असतं की हा ॲक्सेस कायमचा मिळेल. म्हणजे विंडोज तुमचं खातं त्या फोल्डरच्या परवानगी-यादीत घालतं. पुढे तुमच्या खात्यावर चालणारा कुठलाही प्रोग्राम, अगदी फुकटात उतरवलेला गेमसुद्धा, ते फोल्डर न विचारता वाचू शकतो. बहिणीची डिस्क असेल तर तिच्या फाइल्सही त्यात आल्या. नाव काढायचं तर हाताने काढावं लागतं.

मग एक्सप्लोररच ॲडमिन म्हणून चालवू? 'येस' म्हटलं तरी खिडकी सहसा साधीच उघडते. कारण टास्कबार आणि डेस्कटॉपही एक्सप्लोररच चालवतो. तो लॉगिनपासून कमी अधिकारांवर सुरू असतो आणि नवी खिडकी त्याच्याच हाती जाते. २००७च्या व्हिस्टापासून ॲडमिन खातंसुद्धा रोजची कामं कमी अधिकारांवरच करतं; पूर्ण अधिकार 'येस' म्हटल्यावर, तेही त्या एका प्रोग्रामपुरते. रजिस्ट्री बदलून एक्सप्लोररला भाग पाडता येतं, पण मी ते सुचवणार नाही.

मी सेव्हन-झिप वापरतो. त्यात स्वतःचा फाइल मॅनेजर आहे. स्टार्टमध्ये शोधा, राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. आता जुनं फोल्डर बहुतेक वेळा सरळ उघडतं. गंमत अशी, की त्याच्या यादीत जुन्या खात्यासोबत 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' हा गटही असतो आणि या गटाचा ओळख-क्रमांक प्रत्येक विंडोजवर एकच असतो. फाइल्स निवडा, एफ-फाइव्ह दाबा, आपल्या डिस्कवर कॉपी करा. मूळ डिस्कवरच्या परवानग्या आहेत तशाच राहतात.

एक पथ्य मात्र पाळाच: त्या खिडकीतून एखाद्या प्रोग्रामवर डबल-क्लिक करू नका. तिथून सुरू झालेला प्रोग्रामही ॲडमिनचेच अधिकार घेऊन चालतो. जुन्या डिस्कवर व्हायरस असेल तर त्याला आयतं रान मिळेल. कॉपी झाली की खिडकी बंद. साध्या खिडकीतून फाइल ओढून तिथे टाकता येत नाही, तेही याच सुरक्षेमुळे.

फोनवर हाच प्रकार अँड्रॉइड ११पासून आहे: फाइल मॅनेजरला 'अँड्रॉइड/डेटा' उघडू देत नाहीत.

आणि डिस्कवर बिटलॉकर असेल, तर ॲडमिन असूनही उपयोग नाही. तिथे पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती जुन्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह झालेली असू शकते, आधी तिथे बघा.