महामारीतील राज्यकारभार : आदेशांची दोन वर्षे आणि विधिमंडळाचे मोजके दिवस

मुंबई, विशेष प्रतिनिधी

कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्राने देशातील सर्वाधिक जीवितहानी सोसली. अधिकृत नोंदीनुसार मार्च २०२२ अखेरपर्यंत राज्यात ७८ लाखांहून अधिक नागरिकांना लागण झाली आणि १ लाख ४७ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. या काळात दुकान केव्हा उघडावे, लोकलमध्ये कोणी बसावे, रुग्णालयाने किती बिल आकारावे, शाळेने किती शुल्क घ्यावे, हे सारे सरकारी आदेशांनी ठरत होते. मात्र यांपैकी फारच थोड्या गोष्टी विधिमंडळात चर्चा होऊन ठरल्या. बहुतांश कारभार अधिसूचना, शासन निर्णय आणि मुख्य सचिवांच्या सहीचे आदेश यांच्या बळावर चालला. त्यांपैकी ज्या आदेशांना कायद्याचा स्पष्ट आधार होता ते टिकले. जेथे तो आधार तोकडा पडला किंवा विहित कार्यपद्धती डावलली गेली, तेथे न्यायालयांनी सरकारला अडविले. १३ मार्च २०२० ते ३१ मार्च २०२२ या कालखंडातील या कारभाराचा हा आढावा.

जुना कायदा, नवी साथ

राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतर चारच दिवसांनी, १३ मार्चपासून राज्य सरकारने साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. या कायद्याचा जन्मच मुळी मुंबईतील प्लेगच्या साथीतून झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो संमत झाला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा होता. त्यातील कलम २ अन्वये साथ रोखण्यासाठी आवश्यक ते तात्पुरते विनियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळतो, कलम ३ उल्लंघनाच्या शिक्षेचे आहे, तर कलम ४ सद्हेतूने काम करणाऱ्यांना संरक्षण देते. प्लेगच्या काळात पुण्यात झालेल्या घरझडत्यांमुळे उसळलेला असंतोष आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेला हल्ला हा इतिहास मराठी वाचकांस परिचित आहेच. सरकारच्या हाती एवढे व्यापक अधिकार देणाऱ्या या कायद्यात नागरिकांच्या हक्कांविषयी मात्र फारसे काही सांगितलेले नाही.

या कायद्याखाली मार्च २०२० मध्ये राज्याचे कोविड-१९ विषयक विनियम जारी झाले. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांना आपापल्या क्षेत्रात प्रतिबंधात्मक उपाय योजण्याचे अधिकार मिळाले. चित्रपटगृहे, व्यायामशाळा, जलतरण तलाव बंद झाले. १७ मार्चला मुंबईत राज्यातील पहिल्या कोविड मृत्यूची नोंद झाली. २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर या शहरांतील अत्यावश्यक नसलेले व्यवहार थांबविण्यात आले, तर २३ मार्चला राज्यभर संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्यासाठी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ वापरण्यात आले.

केंद्राचा कायदा, राज्याची समिती

२४ मार्च २०२० रोजी केंद्राने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि चित्र पालटले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. साथीचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा फैलाव रोखणे हा विषय मात्र समवर्ती सूचीत येतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्यामुळे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांवर बंधनकारक ठरल्या. राज्यांना निर्बंध अधिक कडक करता येत होते, परंतु केंद्राने घातलेले निर्बंध सैल करण्याची मुभा नव्हती.

या कायद्यानुसार राज्यात दोन यंत्रणा असतात. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण धोरण ठरविते, तर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य कार्यकारी समिती अंमलबजावणी पाहते. ३१ मे २०२० चा 'पुनश्च हरिओम' म्हणजेच 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश, एप्रिल २०२१ मधील 'ब्रेक द चेन'चे आदेश, ७ जून २०२१ पासून लागू झालेली निर्बंधांची पाचस्तरीय रचना, असे सारे महत्त्वाचे आदेश याच मार्गाने निघाले. पाचस्तरीय रचनेत बाधित चाचण्यांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटांची टक्केवारी हे दोन निकष ठेवण्यात आले. आपला जिल्हा कोणत्या स्तरात आहे आणि का, हे नागरिकाला आकड्यांवरून पडताळता येऊ लागले, ही या रचनेची जमेची बाजू. अर्थात २५ जून २०२१ रोजी डेल्टा प्लसच्या भीतीने संपूर्ण राज्य किमान तिसऱ्या स्तरावर नेण्यात आले आणि ही रचनाही फार काळ मूळ स्वरूपात राहिली नाही.

विधिमंडळ : सहा महिन्यांची मर्यादा

२०२० चे अर्थसंकल्पीय अधिवेशन ठरल्यापेक्षा आधीच, १४ मार्चला संपले. पुढचे अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबर रोजी, अवघ्या दोन दिवसांचे झाले. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १७४ सांगतो. ही मुदत संपण्यास जेमतेम आठवडा उरला असताना सभागृहे भरली. त्यातही प्रश्नोत्तराचा तास नव्हता. हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत १४ आणि १५ डिसेंबरला झाले. जुलै २०२१ चे पावसाळी अधिवेशनही ५ आणि ६ तारखेला, दोनच दिवसांत उरकले. नागपुरात अधिवेशन पुन्हा भरले ते थेट डिसेंबर २०२२ मध्ये.

मधल्या काळात अध्यादेश हाच कायदा करण्याचा मुख्य मार्ग राहिला. अनुच्छेद २१३ अन्वये राज्यपाल अध्यादेश काढू शकतात, परंतु विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी न मिळाल्यास तो संपुष्टात येतो. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक नेमण्याची तरतूद जून २०२० मध्ये अशाच अध्यादेशाने झाली. त्यापाठोपाठ, पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने योग्य व्यक्तीची नेमणूक करावी, असा शासन निर्णय जुलैमध्ये निघाला. त्यामुळे राजकीय कार्यकर्त्यांची वर्णी लागेल, असा आक्षेप घेत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अंतरिम आदेशांनी सरकारी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचा आग्रह धरला. अखेर १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले.

साथीने खुद्द मुख्यमंत्र्यांच्या पदासमोरही घटनात्मक प्रश्न उभा केला होता. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतलेले उद्धव ठाकरे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. अनुच्छेद १६४ (४) नुसार सहा महिन्यांत सदस्य होणे आवश्यक होते आणि विधान परिषदेच्या निवडणुका तर लांबणीवर पडलेल्या. मंत्रिमंडळाने ९ एप्रिल २०२० रोजी त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ३० एप्रिलला निवडणूक आयोगास निवडणुका घेण्याची विनंती केली. आयोगाने ती मान्य केली, १४ मे रोजी नऊही उमेदवार बिनविरोध निवडून आले आणि पेच सुटला.

तिजोरीचे निर्णय

मार्च २०२० चे वेतन सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांना दोन टप्प्यांत देण्याचे ठरले. ९ एप्रिलला आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपातीचा निर्णय झाला. ४ मे रोजी वित्त विभागाने विकासखर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि नव्या नोकरभरतीवर निर्बंध आणले. विधिमंडळाने मार्चमध्ये मंजूर केलेल्या अर्थसंकल्पाचा आराखडा दोन महिन्यांच्या आत अशा रीतीने एका शासन निर्णयाने बदलला. १३ एप्रिल २०२१ रोजी, कडक निर्बंधांची घोषणा करताना, दुर्बल घटकांसाठी ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करण्यात आले.

रुग्णालयांची बिले

सर्वसामान्य कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली ती २१ मे २०२० ची अधिसूचना. खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा सरकारने ठरविलेल्या दरांसाठी राखून ठेवण्यात आल्या. साध्या कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे कमाल दर निश्चित झाले. साथरोग व आपत्ती व्यवस्थापन कायद्यांखेरीज अत्यावश्यक सेवा, शुश्रूषागृहे आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था यांसंबंधीच्या कायद्यांचाही आधार त्यासाठी घेण्यात आला. जून २०२१ पासून शहरांची वर्गवारी करून लहान शहरांसाठी कमी दर ठरविण्यात आले. साध्या कक्षाचा दर मोठ्या शहरांत ४,०००, मध्यम शहरांत ३,००० आणि उर्वरित भागांत २,४०० रुपये झाला. आरटी-पीसीआर चाचणीचा दरही ४,५०० रुपयांवरून जून २०२० मध्ये २,२०० आणि टप्प्याटप्प्याने मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांपर्यंत उतरविण्यात आला.

या अधिकाराची मर्यादाही लवकरच स्पष्ट झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कोविड नसलेल्या रुग्णांसाठी दर ठरविण्याचा अधिकार या कायद्यांतून राज्याला मिळत नाही, असा निर्वाळा दिला. साथीसाठी दिलेला अधिकार साथीच्या रुग्णापुरताच, असा त्याचा अर्थ.

न्यायालयाने आखलेल्या सीमा

अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता पदवी देण्याचा निर्णय राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जून २०२० मध्ये घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला की, परीक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार राज्याला आहे, परीक्षेविना विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करण्याचा नाही. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी बहुतांश परीक्षा ऑनलाइन घेतल्या.

शालेय शुल्काबाबतही असेच घडले. शुल्कवाढीस मनाई करणारा ८ मे २०२० चा शासन निर्णय उच्च न्यायालयाने जूनमध्ये स्थगित केला. पुढे राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये १५ टक्के सवलतीचे सूत्र आखून दिल्यानंतर महाराष्ट्राने १२ ऑगस्ट २०२१ रोजी तेवढ्याच कपातीचा निर्णय काढला. दरम्यान, पालक आणि संस्थाचालक दोघेही वर्षभर अनिश्चिततेत राहिले.

लोकल प्रवासाचे प्रकरण तर सर्वाधिक बोलके आहे. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलप्रवासाची मुभा होती. लस ऐच्छिक असताना प्रवासावर बंदी कशी, असा सवाल जनहित याचिकेत करण्यात आला. सुनावणीत असे आढळले की, तत्कालीन मुख्य सचिवांनी काढलेल्या आदेशांपूर्वी राज्य कार्यकारी समितीशी विचारविनिमय झाल्याची नोंदच नव्हती. समितीच्या अध्यक्षांना तातडीच्या प्रसंगी एकट्याने निर्णय घेता येतो, परंतु त्यासाठी नियमांनी कार्यपद्धती घालून दिली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हे आदेश नियमबाह्य असल्याचे मत नोंदविले आणि सरकारने ते मागे घेतले. मात्र १ मार्चच्या नव्या आदेशात हाच निर्बंध पुन्हा आला. लाखो नोकरदारांचा रोजचा प्रवास ज्या कागदावर अवलंबून होता, त्यामागे समितीची बैठक झाल्याची साधी नोंद नसावी, ही बाब गंभीर होती.

गुन्हे आणि दंड

टाळेबंदीच्या पहिल्या दोन महिन्यांतच आदेशभंगाचे एक लाखाहून अधिक गुन्हे राज्यात दाखल झाले. त्यांसाठी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम १८८ वापरले गेले. या कलमाखालील खटल्याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. त्यामुळे किती प्रकरणे टिकतील, याविषयी आरंभापासूनच शंका होती. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी हे गुन्हे मागे घेण्याचे जाहीर केले. १ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने, तर जमावबंदीच्या कलम १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. आकडे बदलले तरी अधिकारांचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

पुढील साथीपूर्वी

३१ मार्च २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सर्व निर्बंध उठविले आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा दोन वर्षांनी मोकळेपणाने निघाली. साथीदरम्यान कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांनी २०२० मध्ये साथरोगांचे स्वतंत्र कायदे केले. केरळने २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा व्यापक कायदा संमत केला. महाराष्ट्राने मात्र संपूर्ण साथ १८९७ च्याच कायद्यावर निभावली. केंद्रीय विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातील उणिवा दाखवून त्याच्या व्यापक फेरआढाव्याची शिफारस केली.

साथीत सरकारला वेगाने निर्णय घ्यावे लागतात, हे कोणीही नाकारणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूसाठी तास मोजले जात असताना सभागृहाची वाट पाहणे शक्य नव्हते. परंतु दोन वर्षांचा कारभार तातडीच्या नावाखाली चालविता येत नाही. आदेश कोणत्या कायद्याखाली निघाला, तो कोणी व कोणाच्या विचाराने काढला, त्याची मुदत किती आणि विधिमंडळासमोर तो केव्हा आला, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक आदेशाच्या पहिल्या पानावर मिळाली असती, तर त्यांपैकी कित्येक वाद न्यायालयापर्यंत पोहोचलेच नसते. पुढील साथीत नागरिकांनी हेच चार प्रश्न प्रथम विचारावेत.